अकरावीतल्या मानसशास्त्राची बाजू

‘सोळाव्या वर्षी पोरांना मनाचे रोग शिकवून तुम्हाला काय मिळवायचंय?’ ‘हे तर व्यवहारज्ञान झालं, त्याला पुस्तक कशाला?’ ‘गुण मिळवायला बरा विषय आहे, पुढं काय?’ ‘कॉलेजात समुपदेशक नेमले की काम झालं.’ ‘सगळे प्रयोग अमेरिकेतले, आपल्या मुलांना त्यांचा काय उपयोग?’

अकरावी-बारावीच्या मानसशास्त्राविरुद्ध नाशिकमध्ये जे बोललं जातं ते एवढ्यात मावतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवला आहे, आणि हे आक्षेप पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहेत. ऐकवणारी माणसं मुलांच्या काळजीपोटीच बोलत होती, आणि काहींच्या बोलण्यात तथ्यही होतं. म्हणून त्यांना पुरतं उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं एकच आहे. माणसाच्या मनाविषयी कुणी काही ठामपणे सांगितलं, तर ते खरं की खोटं हे कसं पडताळायचं, हे शिकवणारी ही विद्या आहे. ती सोळाव्या वर्षीच मिळाली पाहिजे, आणि कला शाखेतल्या मूठभर मुलांनाच नव्हे, विज्ञान-वाणिज्याच्या मुलांनाही मिळाली पाहिजे.

आधी कच्च्या वयाचा आक्षेप घेऊ. मुलं पुस्तकात विकारांची लक्षणं वाचतील आणि एकेक विकार स्वतःला चिकटवून घेतील, अशी भीती असते. ती खोटी नाही. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांनाही हृदयविकार शिकताना छातीत कळ आल्यासारखं वाटतं. पण विकारांची नावं मुलांपर्यंत पोचू द्यायची की नाही, हे आता आपल्या हातात उरलेलं नाही. ‘डिप्रेशन’, ‘ट्रॉमा’, ‘ओसीडी’, ‘एडीएचडी’ हे शब्द मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून आठवीतल्या मुलांपर्यंत केव्हाच पोचले आहेत. पोचला नाही तो निकष. बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकात मानसिक विकृतींवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते नीट शिकवलं तर मुलाला कळतं की चाचणी परीक्षेत गुण कमी पडल्यावर दोन दिवस जेवावंसं न वाटणं म्हणजे आजार नव्हे. नैराश्याचा विकार म्हणायला मनाची ती अवस्था किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असावी लागते. आवडत्या गोष्टींतला रस जाणं, झोप, भूक, एकाग्रता बिघडणं आणि रोजचे व्यवहार अडणं हे सगळं मिळून पाहावं लागतं. ज्याला हे ठाऊक आहे तो स्वतःला उगाच रोगी ठरवत नाही. आणि बाकावरचा मित्र महिनाभर गप्प आहे, क्रिकेट सोडून बसला आहे, रात्र-रात्र जागतो आहे, हे पाहून तो ‘नाटकं करतो’ असंही म्हणत नाही. दोन्ही चुका एकाच ज्ञानानं टळतात.

कच्च्या वयाचं हे कारण महाराष्ट्राला नवं नाही. २००७ साली राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षण याच सबबीवर थांबवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते आणि याच सबबीशी झगडत होते. मुलांना जे न सांगता ठेवलं ते त्यांना कळायचं राहिलं नाही. ते दुसरीकडून, वाकडं होऊन कळलं.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मात्र आहे. तो त्यांच्यापैकी कुणी मांडलेला मी ऐकला नाही, म्हणून मीच मांडते. ब्रिटनमध्ये मायरियाड नावाचा एक मोठा अभ्यास झाला. ११ ते १४ वर्षांची आठ हजारांहून अधिक मुलं त्यात होती. काही शाळांत मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, पाठ दिले. इतर शाळांत नेहमीचेच तास चालू ठेवले. २०२२ साली निष्कर्ष आले. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात या पाठांमुळे काही फरक पडलेला नव्हता. पुढच्याच वर्षी लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या दोन संशोधकांनी असाही विचार मांडला की मानसिक आजारांविषयीची सततची जागृती काही मुलांना साधं दुःखही आजार म्हणून पाहायला लावत असेल.

मला हा पुरावा मान्य आहे. पण त्यानं कोणती गोष्ट कोसळते ते पाहा. सरसकट सगळ्या मुलांना वर्गात बसवून अर्धामुर्धा उपचार देण्याची पद्धत त्यानं उघडी पडते. आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षातून एकदा सभागृह भरून जे ‘ताणमुक्ती’चं व्याख्यान होतं, डोळे मिटायला लावून श्वास मोजून घेतले जातात आणि वक्त्याचा सत्कार होतो, ते याच जातीचं. त्या व्याख्यानानं मुलांचा ताण कमी झाला का, हे कुणी कधी मोजलेलं नसतं. ब्रिटनमधले पाठ निरुपयोगी ठरले हे कळलं, कारण तिथे तुलनेसाठी दुसरा गट ठेवला होता, मोजमाप आधी ठरवलं होतं आणि निकाल मनाविरुद्ध गेला तरी तो छापला. ही मानसशास्त्राची पद्धत आहे, आणि मुलांना तीच शिकवा असं मी म्हणते आहे. मनावरचा उपचार आणि मनाचं शास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजूंसाठी आहे आणि ती प्रशिक्षित माणसानंच करावी. दुसरी सगळ्यांसाठी आहे.

म्हणूनच समुपदेशक नेमला की काम झालं, हे म्हणणं अपुरं आहे. समुपदेशक हवाच. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस पाडू नका, त्यांना चारचौघांत अपमानित करू नका, असंही न्यायालयानं बजावलं आहे. नाशिकच्या क्लासचालकांनी ती सूचना आपल्या भिंतीवर लावावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे. समुपदेशकाची गरज आहे की नाही, यावर वाद घालायला जागाच नाही.

पण समुपदेशकाचं दार लोटायला मुलाला आधी कळावं लागतं की आपल्याला जे होतंय ते दार लोटण्याजोगं आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं दिसलं. साठ मुलांच्या वर्गात ही चार मुलं होतात. एकूणच, उपचारांची गरज असलेली बहुसंख्य माणसं उपचारांपर्यंत पोचत नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणात दिसलं. आपल्या भागात पोचणं आणखी अवघड आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत. उत्तर महाराष्ट्रात त्यांतलं एकही नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातलं कुटुंब बरेचदा आधी भगताकडे जातं, मग ओळखीच्या डॉक्टरकडे, आणि बऱ्याच उशिरा मनोविकारतज्ज्ञाकडे. त्या घरातली अकरावीत शिकणारी मुलगी हे आजार आहेत, त्यांना औषधं आहेत, केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं, हे घरी सांगू शकली, तर मधले काही महिने वाचतात. अशी मुलगी समुपदेशकाच्या नेमणुकीनं तयार होत नाही. तिला कुणीतरी शिकवावं लागतं.

आता ‘हे तर व्यवहारज्ञान’ म्हणणाऱ्यांकडे वळते. या आक्षेपाचा मला खरा राग आहे, कारण तो घेणाऱ्या घरांतूनच मी सगळ्यात जास्त फसवणूक पाहिली आहे. दहावीच्या आसपास पालकांना गाठून मुलाच्या बोटांचे ठसे घेतले जातात आणि त्यावरून त्याची बुद्धी, स्वभाव, योग्य शाखा, योग्य करिअर सांगणारा जाडजूड रंगीत अहवाल हातात दिला जातो. डीएमआयटी म्हणतात त्याला. त्याला वैज्ञानिक आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं सांगितलं आहे. तरीही हजारो रुपये मोजून शिकले-सवरलेले आईबाप ते कागद जपून ठेवतात, कारण अहवालात लिहिलेलं ‘अगदी आमच्या मुलासारखं’ असतं.

ते तसं का वाटतं, हे १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन प्राध्यापकानं दाखवलं. त्यानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं स्वतःचं म्हणून एक वर्णन दिलं. ते किती अचूक आहे यासाठी पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. हा प्रयोग कुठल्याही वर्गात एका तासात होतो, खर्च फक्त झेरॉक्सचा. मी तो करून घेतला आहे. सगळ्यांचे कागद सारखेच आहेत हे उघड होतं तेव्हा वर्गात आधी हशा पिकतो आणि मग एकेकाला घरी आलेला कुणीतरी आठवू लागतो. त्यानंतर चाचणीची विश्वसनीयता म्हणजे काय, सप्रमाणता म्हणजे काय, मानकं कशी ठरतात, हे शिकवायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. ‘या चाचणीची सप्रमाणता कुणी आणि कशी तपासली?’ हा प्रश्न विचारू शकणारं एक मूल घरात असेल, तर ठसेवाल्याला, ‘मिडब्रेन’ उघडून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्याला आणि माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो असं सभेत सांगणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. व्यवहारज्ञानानं हे आजवर झालेलं नाही.

खुद्द राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी घेतली. लाखो मुलांनी ती दिली आणि निकालाबरोबर आपला कल अमुक आहे असं वाचलं. पण असल्या निकालावर किती विसंबायचं, तो कशाचं भाकीत करतो आणि कशाचं नाही, हे त्यांना शिकवणारा विषय मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला आला.

‘पुढं काय’ या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. बीए, एमए, त्यापुढं चिकित्सालयीन मानसशास्त्रासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण, शाळा, रुग्णालयं, उद्योगांतलं मनुष्यबळ, संशोधन, असे रस्ते आहेत. ते लांबचे आहेत आणि पहिल्या नोकरीत पगार थोडा असतो, हेही सांगून टाकलेलं बरं. पण अकरावीत इतिहास घेणाऱ्याला आपण इतिहासकार हो म्हणत नाही. मानसशास्त्राचा उपयोग नोकरीच्या फार आधी सुरू होतो. विज्ञानाच्या मुलाला तर तो त्याच आठवड्यात होतो.

शहरातल्या अभ्यासिकांमध्ये रात्री डोकावून पाहा. मुलं पिवळ्या हायलायटरनं ओळी रंगवत असतात आणि तेच पान चौथ्यांदा वाचत असतात. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं उपलब्ध संशोधन तपासलं. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी केलेला प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर मांडत असे. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचताना ‘येतंय, येतंय’ असं वाटणं फसवं असतं, ही गोष्ट जेईई-नीटच्या मुलाला कुणी सांगत नाही. तो दोन वर्षं चुकीच्या पद्धतीनं घाम गाळतो आणि शेवटी म्हणतो, ‘माझी मेमरीच वीक आहे.’

झोपेचंही तेच. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ पुढं सरकतं, झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्या सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला तो चांगलाच होता, पण ज्या वयात घड्याळ सरकतं त्या अकरावी-बारावीच्या मुलांना आपण पहाटेच्या बॅचला पाठवतो आणि उशिरा उठलं की आळशी म्हणतो. मूल हे संशोधन घेऊन पालकांशी वाद घालू लागलं तर मला आनंदच होईल.

हे ज्ञान पाश्चात्त्य आहे, या आक्षेपातही सत्याचा अंश आहे. २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नॉरेन्झायान या तिघांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजांतल्या थोड्याशा माणसांवरून काढलेले आहेत. २०१५ मध्ये आधी छापून आलेले शंभर प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा चाळीस प्रयोगांतही मूळ निकाल खणखणीतपणे पुन्हा मिळाला नाही. पण ही दोन्ही कामं मानसशास्त्रज्ञांनीच केलेली आहेत. आपलीच चूक मोजून छापणारी विद्या परकी म्हणून टाकून कशी द्यायची? आणि आपल्या मातीतही याचं उत्तर फार पूर्वी दिलं गेलं आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी जशीच्या तशी न उचलता धारवाड परिसरातल्या कन्नड आणि मराठी मुलांवर तपासली आणि तिची मानकं नव्यानं ठरवली. पॅरिस आणि कॅलिफोर्नियाच्या मुलांसाठी रचलेले प्रश्न आपल्या मुलांना विचारून त्यांना मंद ठरवायचं नाही, हा त्यामागचा आग्रह होता. ती बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. पुण्यात मानसशास्त्राचेच अभ्यासक असलेल्या आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी उभी केली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मराठीत हा विषय बोलायला शब्द नाहीत, माणसं नाहीत, असं म्हणायला जागा नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटानं २००४ साली स्किझोफ्रेनिया मराठी घराच्या ओसरीवर आणून दाखवला आणि प्रेक्षकांना तो समजला.

एक दोष मात्र माझ्या बाजूच्यांचा आहे. आम्ही शिक्षकांनी हा विषय कित्येक ठिकाणी गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर आणून ठेवला. प्रकल्प विकत मिळतात, मुलं ते उतरवून काढतात आणि आम्ही सह्या करतो. व्याख्या पाठ करून पैकीच्या जवळ गुण मिळतात म्हणून ‘सोपा विषय’ ही ओळख झाली, आणि ती आम्ही पुसली नाही. ज्या विषयाचा जीवच पडताळणीत आहे, त्याचा एकही प्रयोग न करता विद्यार्थी उत्तीर्ण होत असतील, तर पालकांनी नाक मुरडलं यात त्यांना किती दोष द्यायचा? प्रयोगाला महागडी यंत्रं लागत नाहीत. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहून फक्त शाईचा रंग सांगायला लावा, घड्याळावर किती सेकंद जास्त लागतात ते मोजा, स्ट्रूपचा प्रयोग झाला. फुटपट्टी सोडून बोटांत पकडायला लावा, प्रतिक्रियाकाळ झाला. मोजलेले आकडे वहीत मांडा, सरासरी काढा, निकाल अपेक्षेच्या उलट आला तर तसाच लिहा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कला आणि विज्ञान यांच्यामधली भिंत पाडायला सांगतं. ते कागदावर राहू नये असं राज्य मंडळाला वाटत असेल, तर मानसशास्त्र विज्ञान आणि वाणिज्याच्या मुलांना प्रत्यक्ष निवडता येईल अशी व्यवस्था करावी, रिकाम्या जागांवर त्या विषयात एमए केलेले पूर्णवेळ शिक्षक भरावेत आणि प्रकल्पाचे गुण प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगालाच द्यावेत. नाशिकमधल्या संस्थाचालकांनी एकमेकांची वाट न पाहता निदान आपापल्या एका कॉलेजात तरी हे सुरू करावं.

आणि पालकांना माझी विनंती आहे. अकरावीचा प्रवेश पक्का करायला जाल तेव्हा विषयांच्या यादीत मानसशास्त्र आहे का, हे विचारा. ‘मुलंच घेत नाहीत, म्हणून बंद केलं’ असं उत्तर मिळालं, तर आमचं मूल घ्यायला तयार आहे असा अर्ज लिहून प्राचार्यांकडे द्या आणि त्याची पोच घ्या.